क्रूझवर वाईन नेमकी केवढ्याला पडते? पॅकेज घ्यावं का ग्लासावर भागवावं?

जुळे_सोलापूर

नमस्कार मंडळी. यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होतायत म्हणून सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ ठरवलीय, मध्ये पेनांग आणि फुकेत. तिकीट झालं, विमानाचं झालं, आता एकाच गोष्टीवर गाडी अडून बसलीय ती म्हणजे वाईन. आम्ही दोघंही पिणारे असे नाही, पण जेवताना वाईनचा एखादा ग्लास दोघांनाही आवडतो, अकलूजकडं द्राक्षाच्या बागा बघून आल्यापासून तर जास्तच. समुद्राकडं बघत सावकाश जेवायचं आणि एक ग्लास घ्यायचा एवढीच हौस आहे. एजंट मात्र सारखा मागं लागलाय की ड्रिंक पॅकेज (दिवसाचे ठराविक पैसे आधीच भरून प्यायचं) आत्ताच घ्या, जहाजावर गेल्यावर लई महाग पडतं. पॅकेज माणशी दिवसाला 70 डॉलर दाखवायलेत, मेन्यूत ग्लास 12 डॉलर आणि साधी बाटली 45 डॉलर. दोघांचा चार दिवसांचा आकडा काढला तर डोळेच फिरले, तेवढ्यात आमचं आख्खं घर गोव्याला जाऊन येतं. जे कुणी जाऊन आलेत त्यांनी खरा खर्च सांगा, मेन्यूवरचा नको, परत आल्यावर कार्डाच्या बिलात जो दिसतो तो.

चाटी_गल्ली

आधी दोघांचं अभिनंदन मालक! एजंटला पॅकेजवर कमिशन आहे का तेवढं एकदा सरळ विचारून घ्या, मग त्याच्या घाईचा अर्थ लागेल.

आमचा अनुभव मुंबईहून गोवा-लक्षद्वीप करणाऱ्या जहाजाचा आहे, सिंगापूरचं मला ठाऊक नाही. तिकडं कुणी जाणार असेल तर एक लक्षात ठेवा, लक्षद्वीपला बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी आहे, त्यामुळं बेटावर उतरताना सोबत काही न्यायचं नाही, जे काय ते जहाजावरच.

डेक_सात

मी बरीच वर्षं जहाजावर डायनिंग रूमला वेटर होतो, आता सोलापुरातच असतो. त्यामुळं टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं सांगतो, जरा लांबेल पण वाचा.

मेन्यूवरचा आकडा म्हणजे तुमचं बिल नव्हे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत प्रत्येक ड्रिंकवर 18 ते 20 टक्के सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो, तुम्ही हो म्हणा नाही म्हणा. म्हणजे 12 चा ग्लास 18 टक्क्यांनी 14.16 झाला. आणि पावती सहीला येते तेव्हा खाली परत एक रिकामी ओळ असते, जादा टिप लिहायला. आपली माणसं तिथं अवघडतात, वाटतं आता काहीतरी लिहावंच लागेल, नाही लिहिलं तर समोरचा काय म्हणेल. काही म्हणत नाही ओ. चार्ज आधीच लागलेला असतो, ओळ रिकामी सोडून सही केली तरी चालतं, कुणी खरंच मनापासून तुमचं केलं असेल तर शेवटच्या दिवशी हातात द्या, त्याला त्याचा जास्त आनंद होतो. याशिवाय रोजची ग्रॅच्युइटी, म्हणजे जहाजावरच्या सगळ्या नोकरवर्गाची टिप, म्हणून माणशी दिवसाला वेगळे पैसे लागतात ते वेगळंच, त्याचा ड्रिंकशी संबंध नाही, पण हिशोबात धरून ठेवा.

मेन्यूवर नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. सिंगापूरहून सुटणाऱ्या काही जहाजांवर सिंगापूर डॉलर चालतो, काहींवर अमेरिकन. दोन्हीत बराच फरक आहे, सिंगापूरचा स्वस्त पडतो. तुमचे ते 70 आणि 12 नेमके कुठल्या डॉलरचे आहेत ते आधी बघा मगच घाबरा.

आता वाईनचं. ग्लास साधारण 150 मिलीचा भरतात, काही ठिकाणी थोडा मोठा, म्हणजे 750 च्या बाटलीत पाच ग्लास. बाटली घेतली आणि अर्धी उरली तर ती वाया जात नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना माहीतच नसते आणि म्हणून ते पाच पाच ग्लास सुटे घेत बसतात. वेटरला सांगायचं ठेवून दे, तो बूच लावून तुमच्या केबिनचा नंबर टाकून ठेवतो आणि दुसऱ्या रात्री त्याच टेबलावर, नाहीतर दुसऱ्या रेस्टॉरंटात बसलात तर तिथं आणून देतो. रेड दोनतीन दिवस चांगली राहते, व्हाईट फ्रीजमध्ये ठेवली तर तीपण. फक्त स्पार्कलिंग घेऊ नका दोन दिवस पुरवायला, दुसऱ्या दिवशी त्यातला फेस गेलेला असतो.

सुट्या ग्लासाचं अजून एक आहे, दुपारच्या रिकाम्या बारमध्ये ग्लास मागितला तर कधी उघडलेल्या बाटलीतला येईल सांगता येत नाही. बिनधास्त विचारायचं, ही बाटली आज उघडली का. चांगला बारमन नवी उघडून देतो.

आणि एवढं महाग का असतं म्हणाल तर तिकीट ते स्वस्त ठेवतात आणि बाकी कमाई आत गेल्यावर करतात. बार, कसिनो, सहली, वायफाय. मोठ्या क्रूझ कंपन्यांचे वार्षिक अहवाल बघितले तर एकूण उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा तिकिटाच्या बाहेरून येतो. त्यातला बार हा मोठा भाग. त्यामुळं तुम्ही पहिल्या दिवशी जहाजावर पाय ठेवला की पॅकेजचा स्टॉल दारातच दिसणार, हसून नमस्कार करायचा आणि पुढं जायचं.

जुळे_सोलापूर

@डेक_सात मालक, लई उपकार झाले, बाटली ठेवून देतात हे खरंच माहीत नव्हतं. आमचे आकडे अमेरिकन डॉलरचेच आहेत, आत्ताच बघितलं. आता पॅकेजचं कुणी नीट उलगडून सांगेल का, त्यात पाणी-कॉफीपण धरलंय म्हणे.

खातेवही

मी करून देतो हिशोब, पेशाच तो आहे. डॉलर सोयीसाठी 90 रुपये धरतो, तुम्ही जाल त्या दिवशीचा भाव घालून परत करा.

ग्लास 12, सर्व्हिस चार्ज धरून 14.16, रुपयात 1274. इथं बहुतेक लोक थांबतात पण कार्ड राहिलं. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खर्चाला 3.5 टक्क्यांपर्यंत मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, लागतो आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी, दोन्ही मिळून 4.13 टक्के. म्हणजे तो ग्लास तुमच्या बिलात 1327 रुपयांना उतरला. बाटली 45 ची, चार्ज धरून 53.10, रुपये 4779, कार्डाचं धरून 4976. तिचे पाच ग्लास धरले तर एक ग्लास 995 ला. ग्लासामागं सव्वातीनशेच्या वर फरक, त्याच वाईनला, त्याच टेबलावर.

तुम्ही दोघं, चार रात्री, एकेक ग्लास, म्हणजे आठ ग्लास. सुटे घेतले तर 10616. दोन बाटल्या घेतल्या तर 9952 आणि दोन ग्लास वर उरतात, ते एखाद्या रात्री जास्त गप्पा रंगल्या तर उपयोगी पडतील.

आता पॅकेज. 70 वर 18 टक्के म्हणजे 82.60, दोघांचं चार दिवसांचं 660.80 डॉलर, रुपये 59472, कार्डाचं धरून जवळजवळ 61900. (काही ठिकाणी पॅकेजच्या किमतीत चार्ज आधीच धरलेला असतो, ते बुकिंगच्या पानावर बघा, तसं असेल तर आकडा उतरेल, पण तरी पन्नास हजारांच्या वरच.) दहा हजार कुठं आणि हे कुठं. पॅकेज वसूल व्हायला 82.60 भागिले 14.16, म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ सहा ग्लास. सहा ग्लास म्हणजे 900 मिली, एका बाटलीपेक्षा जास्त, प्रत्येकानं, रोज, चारही दिवस. आणि त्यातले दोन दिवस तुम्ही दुपारपर्यंत पेनांग आणि फुकेतला फिरत असणार, तिथं पॅकेज चालत नाही. कॉफी, बाटलीबंद पाणी, ज्यूस धरूनसुद्धा माझ्या मते तुमच्यासारख्यांना ते कधीच वसूल होणार नाही. डायनिंग हॉलमधलं साधं पाणी, चहा, साधी कॉफी तशीही फुकटच असते.

कार्डाचं अजून एक. मार्कअप नसलेली फॉरेक्स कार्डं आणि काही क्रेडिट कार्डं मिळतात, ते एक घेतलं तर 4 टक्के तिथंच वाचले, फक्त वाईनवर नाही, सगळ्या ट्रिपवर. आणि बिल चुकवताना मशीन विचारतं रुपयात का डॉलरमध्ये, तिथं कायम तिथलं चलन निवडायचं, रुपये दाबलं की त्यांचा भाव लागतो आणि तो आपल्या फायद्याचा नसतो.

कडक_भाकर

पॅकेजबद्दल एक बाईमाणसाच्या बाजूनं. कितीतरी कंपन्यांचा नियम आहे की एका केबिनमधल्या एका प्रौढ माणसानं पॅकेज घेतलं की दुसऱ्यानंही घ्यायचंच. मी अजिबात घेत नाही, माझे मिस्टर घेतात, आमच्या बुकिंगला हे शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं आणि एजंटनं सांगितलंच नाही, जहाजावर चढताना काउंटरवर कळलं. मला राग आला तो पैशाचा कमी, मी जी वस्तू घेत नाही तिचे पैसे माझ्या नावावर का लावता याचा जास्त. भांडून भांडून मला बिनदारूचं पॅकेज करून दिलं, पण अर्धा दिवस त्या लाईनीत गेला आणि त्या वेळात माझी पोरगी वरच्या डेकवर वाट बघत बसली.

त्यामुळं कुणाची बायको, सासू, आई न घेणारी असेल तर ही अट आधी लेखी विचारा. तोंडी नको, मेलवर.

अजून एक, पॅकेज घ्यायचं तर सगळ्या रात्रींचं घ्यावं लागतं, मधल्या दोनच रात्रींचं देत नाहीत.

डेक_सात

@कडक_भाकर ताई तुमचं शंभर टक्के बरोबर. हा नियम मुद्दाम आहे, नाहीतर एकानं पॅकेज घेऊन दोघांनी प्यायलं असतं. आणि त्यातही काही कंपन्यांची दिवसाला ग्लासांची मर्यादा असते, काहींत एका ड्रिंकच्या किमतीची मर्यादा, त्यावरची वाईन मागितली की वरचा फरक वेगळा लागतो. अमर्यादित लिहिलेलं असलं तरी मर्यादा कुठंतरी असतेच.

बेदाणा

मी कासेगावकडचा, द्राक्षाची बाग आहे, क्रूझला कधी गेलो नाही. पण धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

45 डॉलरला चार हजारांची साधी बाटली वाचली आणि पोटात कालवलं. एका बाटलीला किलो-सव्वा किलो द्राक्षं लागतात. आपल्याकडं बागेतनं काय भावानं माल उचलतात ते मी इथं सांगत बसत नाही, ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना ठाऊक आहे. खायची द्राक्षं वेगळी आणि वाईनची वेगळी हे मला मान्य आहे, आमची थॉम्पसन, माणिक चमन, नान्नजला निघालेली सोनाका ही पातळ सालीची, बिनबियांची, मोठ्या मण्याची, आणि वाईनवाली बारीक मण्याची, जाड सालीची, बी असलेली, त्या सालीतनंच रेडला रंग येतो. तरीपण आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रॅटेलीची वायनरी आहे, इटलीतले दोघे भाऊ, दिल्लीतलं एक घर आणि अकलूजचं मोहिते-पाटील घराणं असे तिघं मिळून ती उभी राहिली, कॅबर्ने, शिराझ, सांजोव्हेजे असली द्राक्षं आपल्या उन्हात पिकतात. तुम्ही पंचविसाव्या वर्षी समुद्रावर जाताय तर सोबत आपल्या जिल्ह्यातली बाटली न्या की. तिथं कुठल्यातरी देशाची सगळ्यात खालची वाईन चार हजाराला घेण्यापेक्षा हे किती चांगलं.

सरकारनं 27 जानेवारी 2022 ला सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय घेतला होता, 1000 चौरस फुटांच्या वरच्या दुकानात, मग विरोध झाला आणि ते प्रत्यक्षात आलं नाही. त्या वादात मी पडत नाही, दोन्ही बाजूंना चांगली माणसं होती. पण वाईनच्या द्राक्षाला भाव मिळाला तर आमच्यातल्या चार जणांनी तरी ती लावली असती एवढं नक्की.

जुळे_सोलापूर

@बेदाणा काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण नेता येते का जहाजावर? आपली बाटली आत घेऊन देतात?

डेक_सात

देतात, पण जहाजागणिक नियम वेगळा. बऱ्याच मोठ्या अमेरिकी कंपन्या माणशी एक 750 मिलीची बाटली आणू देतात, वाईन किंवा शॅम्पेन एवढीच, बियर-व्हिस्की नाही, आणि तीसुद्धा फक्त पहिल्या दिवशी चढताना. मध्ये फुकेतला उतरून दुकानातनं घेतलेली बाटली चढताना काढून घेतात आणि शेवटच्या रात्री परत देतात. जहाजावरच्या ड्यूटी फ्री दुकानातली बाटलीसुद्धा तशीच शेवटी हातात येते. काही कंपन्या बाहेरची बाटली अजिबात चालू देत नाहीत. तुमच्या तिकिटासोबत जी नियमांची पीडीएफ येते त्यात अल्कोहोल पॉलिसी असं कलम असतं ते वाचा, समजलं नाही तर इथं टाका.

चालत असेल तर जहाजावर चढताना बाटली हातातल्या बॅगेत ठेवायची, केबिनला पाठवायच्या मोठ्या बॅगेत नाही, मोठी बॅग स्कॅनला अडकते आणि मग तुम्ही रात्री आठपर्यंत कपड्यांची वाट बघत बसता. सील न फोडलेली पाहिजे. खोक्यातली वाईन चालत नाही.

कॉर्केजचं, म्हणजे आपली बाटली उघडून द्यायला घेतात त्या पैशाचं, पण बघून ठेवा. केबिनमध्ये बसून घेतली तर बहुतेक ठिकाणी काही लागत नाही, डायनिंग हॉलमध्ये उघडून मागितली तर काही कंपन्या 15 डॉलरच्या आसपास किंवा वर घेतात, काही घेत नाहीत. 15 लागले तरी खातेवही साहेबांच्या हिशोबानं दोन बाटल्यांचे 30 डॉलर, म्हणजे 2800 च्या आसपास. दोन बाटल्या अकलूजच्या धरून तुमच्या आठच्या आठ ग्लासांचं काम होतं.

सिंगापूरात_सोलापूर

विजापूर रोडवर वाढलो, आता नोकरीमुळं सिंगापुरात. इथल्या बाजूचं मी सांगतो.

भारतातून विमानानं येणाऱ्या प्रौढ माणसाला 2 लिटरपर्यंत वाईन ड्यूटी न भरता आणता येते, तुम्ही 48 तासांपेक्षा जास्त सिंगापूरच्या बाहेर असलात पाहिजे, जे तुम्ही असणारच. माणशी एक बाटली म्हणजे 750 मिली, आरामात बसते. मलेशियाहून येणाऱ्याला मात्र ही सवलतच नाही, त्यामुळं पेनांगच्या दुकानातनं घेऊन सिंगापूरला उतरायचं असलं काही करू नका, आणि परतीला उरवूनही आणू नका. घरी न्यायची असेल तर निघताना चांगीला विमानतळावरच घ्या, भारतात माणशी 2 लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही.

विमानात बाटली चेक-इनच्या बॅगेत. विमानात हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वरचं पातळ काही चालत नाही हे माहीतच असेल. वाईन 12-14 टक्क्यांची असते, 24 टक्क्यांच्या आतल्या दारूला विमानाच्या धोकादायक मालाच्या नियमात 5 लिटरची मर्यादा लागत नाही, त्यामुळं तिथं अडचण नाही. सिंगापुरात वाईनवर ड्यूटी लई आहे, दुकानात साधी बाटली बघूनच परत फिराल, त्यामुळं इथं येऊन घेऊ असा विचार करू नका. भारतातूनच आणा.

आणि हो, व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना बघा. जहाज बाहेर जाऊन परत येतं म्हणजे तुमची दुसरी एन्ट्री होते.

सातरस्ता

मी डॉक्टर आहे, पैशाचं सगळं छान चाललंय, थोडं तब्येतीचं लिहिते. क्रूझला जाणारे आपल्याकडचे जवळजवळ सगळेजण बोट लागू नये म्हणून एव्होमिन घेऊन जातात. त्यात प्रोमेथाझिन असतं, त्यानं आधीच झोप येते, वर वाईन घेतली तर गुंगी जास्त होते आणि वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जाताना हलत्या जहाजात पडतो. ज्या दिवशी गोळी घ्याल त्या दिवशी वाईन नको, एवढं साधं ठेवा. समुद्र खवळलेला असेल तर तसंही वाईननं मळमळ वाढते, पोटात पाणी आणि कोरडं काहीतरी बरं.

शुगर, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, लाजू नका. आणि पॅकेजची मला खरी भीती वाटते ती इथंच. 12 टक्क्यांच्या 150 मिलीच्या ग्लासात साधारण 14 ग्रॅम अल्कोहोल असतं. सहा ग्लास म्हणजे 84 ग्रॅम, एका दिवसात. पैसे भरलेत म्हणून घेतलंच पाहिजे ही जी मनाची ओढ असते ती एरवी अजिबात न घेणाऱ्या माणसालासुद्धा चौथ्या ग्लासापर्यंत घेऊन जाते. मी माझ्याच जवळच्या नात्यात बघितलंय, घरी कधी दोनच्या वर न घेणारा माणूस, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जहाजाच्या दवाखान्यात सलाईन. त्या दवाखान्याचं बिल वाईनपेक्षा कितीतरी जास्त आलं. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना दारूमुळं झालेल्या आजाराचं कलम वाचा, बहुतेक पॉलिसीत ते वगळलेलं असतं.

माळढोक

सगळ्यांचं वाचलं. मला वेगळंच म्हणायचंय, राग मानू नका. चार रात्रींत आठ ग्लास, आणि त्यावर एवढा हिशोब? पंचवीस वर्षं संसार केला त्या माणसांनी, एक दिवस 5000 ची बाटली उघडली तर कुठं आकाश कोसळलं? आपण सोलापूरची माणसं हिशोबातच आयुष्य काढतो, आमचे वडील मिलमध्ये होते, त्यांनी आईला घेऊन गड्ड्याच्या जत्रेपलीकडं कुठं नेलं नाही कारण हिशोब बसत नव्हता. आणि तो शेवटपर्यंत बसलाच नाही. मालक, बायकोला विचारा तिला कुठली वाईन प्यायचीय, आणि ती घ्या.

खातेवही

@माळढोक दादा तुमचं मनापासून पटलं, पण हिशोब त्यासाठीच करायचा की. पॅकेजमध्ये पन्नास हजार घालवले नाहीत तर त्यातलेच दहा-बारा हजार काढून एका रात्री खरंच चांगली बाटली घेता येते. मेन्यूतल्या खालच्या बाटल्यांवर नफा जास्त लावलेला असतो असं हॉटेलवाल्यांत सगळीकडं बोललं जातं, मधल्या रांगेतली बाटली पैशाला जास्त मोल देते. डेक_सात सांगतील.

डेक_सात

बरोबर आहे. सगळ्यात खालची आणि तिच्या वरची, या दोन बाटल्या सगळ्यात जास्त खपतात कारण माणूस किंमत बघून लाजतो. जरा वर गेलात की वाईन एकदम सुधारते आणि किंमत तेवढी वाढत नाही. सोमेलिए, म्हणजे वाईन सुचवणारा माणूस असतो, त्याला सरळ बजेट सांगा, 60 डॉलरच्या आत रेड, मसालेदार जेवणासोबत. त्याला हे आवडतं, तो काही तुम्हाला महागात ढकलत नाही, त्याला पुढच्या रात्री परत तुमच्याच टेबलावर यायचं असतं.

वाईनच्या बाटल्यांचं वेगळं पॅकेज पण असतं काही जहाजांवर, तीन किंवा पाच बाटल्यांचं, सुट्यापेक्षा थोडं स्वस्त. त्यात केबिनमधल्या दोघांनी घ्यायची अट नसते. चार रात्रींना जास्त होईल पण दोन जोडपी मिळून जात असाल तर जमतं.

आणि फुकटची वाईनपण असते बरं का. कॅप्टनच्या स्वागताच्या कार्यक्रमाला ग्लास फिरवतात, आणि आर्ट ऑक्शन म्हणून चित्रांचा लिलाव असतो तिथं स्पार्कलिंग देतात बसणाऱ्यांना. चित्र घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, पण हात वर करू नका तेवढं.

कडक_भाकर

बंदरात उभं असताना टॅक्स लागतो म्हणतात ते खरं का? आम्हाला युरोपात स्पेनच्या बाजूला बिलात वेगळा कर दिसला होता.

डेक_सात

हो, काही देशांच्या हद्दीत तिथला व्हॅट वर लागतो, स्पेनचा प्रसिद्धच आहे. अमेरिकेत काही बंदरांवर जहाज सुटेपर्यंत तिथला सेल्स टॅक्स लागतो. बिलाची नोंद ॲपवर रोज रात्री दिसते, झोपायच्या आधी एकदा बघायची सवय लावा. दुसऱ्याच्या केबिनचा ग्लास आपल्या नावावर पडलेला मी कितीदा बघितलाय, दुसऱ्या दिवशी सांगितलं की लगेच काढतात, शेवटच्या सकाळी मात्र गेस्ट सर्व्हिसला रांग लागलेली असते आणि तुमचं लक्ष बॅगांत.

चाटी_गल्ली

युरोपात नद्यांवरच्या क्रूझ असतात, त्यात वायकिंगवाले वगैरे दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत वाईन-बियर तिकिटातच धरतात, आमच्या मेव्हण्यांनी केली होती डॅन्यूबवर. तिकीट चढं असतं पण मग दारात स्टॉल नाही, पॅकेज नाही, सही नाही. पुढच्या वेळी कुणाला सोसत असेल तर तोही विचार करा.

जुळे_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एजंटनं दोन महिन्यांत जे सांगितलं नाही ते इथं दोन दिवसांत कळलं. पीडीएफ काढून वाचली, आमच्या जहाजावर माणशी एक सीलबंद बाटली चढताना चालते, केबिनमध्ये घेतली तर कॉर्केज नाही. पॅकेजला नाही म्हणून सांगितलं, एजंट थोडा नाराज झाला, होऊ दे. अकलूजच्या दोन बाटल्या नेणार, एक रेड एक व्हाईट, आणि @माळढोक दादा, तुमचं वाचून हिला विचारलं. हिनं सांगितलं की लग्नाच्या तारखेच्या रात्री डायनिंग हॉलमध्ये बसून जहाजावरची चांगली बाटली घ्यायची, आणि किंमत मी बघायची नाही, ती बघणार. ठरलं.

आता शेवटची अडचण, बाटल्या बॅगेत फुटायला नकोत. वंदे भारतनं मुंबई, मग विमान, मग बंदर. कशात गुंडाळू?

बेदाणा

सोलापूरचा माणूस विचारतोय कशात गुंडाळू! घरातला जाड टर्किश टॉवेल घ्या, प्रत्येक बाटलीला एक, आधी बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, मग टॉवेल, मग बॅगेच्या मधोमध कपड्यांत, कडेला नको. दुकानाचं बिल मात्र बाटलीसोबत नको, खिशात ठेवा, वाटेत कुणी विचारलं तर बॅग उघडायला नको.

सिंगापूरात_सोलापूर

आणि बुचाच्या ऐवजी फिरकीच्या झाकणाची मिळाली तर ती घ्या, केबिनमध्ये ओपनर नसतो, ओपनर बॅगेत असला तर कधीकधी स्कॅनला थांबवतात. बुचाची असेल तर केबिन स्टुअर्डला फोन करा, तो येऊन उघडून देतो आणि ग्लासपण आणतो.